खोंडाचा बाप कोण?

गाय कुणाची, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिची किती वेतं झाली, तिची आई कुणाच्या दावणीची, हे घरातली म्हातारी न अडखळता सांगते. पण तिच्या पाठीमागे हुंदडणाऱ्या खोंडाचा बाप कोण, असं मी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "वळू व्हय? त्यो खालच्या मळ्यातला. उंचापुरा, काळ्या तोंडाचा." त्या उंचापुऱ्याचा बाप कोण, हे विचारायची सोयच राहत नाही.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी ३३ वर्षं नोकरी केली. त्यातली २९ माणदेशात आणि ४ धाराशिवकडे. निवृत्त झालो तरी फोन थांबलेले नाहीत. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी पदवीधर पशुवैद्य नाही, पण हाक मारणाऱ्याला ते सांगत बसत नाही. आज लिहायला बसलो आहे ते अशाच एका फोनमुळे.

गेल्या श्रावणात आटपाडीजवळच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. घरमालकांना मी आबा म्हणतो, इथेही तेवढंच म्हणेन. त्यांच्या दावणीला तीन खिलार गायी. थोरलीला मागच्या वेळी झालेलं वासरू धड उभं राहिलं नाही, चौथ्या दिवशी गेलं. मधली चार वेळा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती. धाकटी कालवड वय होऊनही माजावर यायला तयार नव्हती आणि आल्यावर गाभण राहत नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून झालं होतं, खनिज मिश्रण चालू होतं, गर्भाशयात खोट सापडत नव्हती. "कुणाची नजर लागली असंल का वो?" काकू विचारत होत्या. मी पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर बसलो, एक काडी घेतली आणि अंगणातल्या मातीत रेघा ओढायला लागलो.

थोरलीचा बाप शेजारच्या वाडीचा जुना वळू. मधलीचाही तोच. धाकटी ही थोरलीचीच लेक, आणि तिचाही बाप तोच, म्हणजे तिचा आजा आणि बाप एकच. चार वर्षांपूर्वी तो वळू विकला आणि त्याच्या जागी त्याचाच एक खोंड ठेवला, कारण तो अगदी बापाच्या वळणावर गेला होता. आता या तिघींना दाखवला जात होता तो हा खोंड. तिघींचाही सावत्र भाऊ. आबा त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे वळू बदलला, पर रगत न्हाई बदललं," ते म्हणाले.

याला सगोत्र पैदास म्हणतात. आम्ही कामावर सरसकट इनब्रीडिंग म्हणायचो. बाप आणि लेक यांच्या संकरातून झालेल्या वासरात सगोत्रतेचं प्रमाण २५ टक्के येतं, सावत्र बहीण-भावाच्या वासरात साडेबारा टक्के. अंदाज यावा म्हणून सांगतो, मामाच्या मुलीशी लग्न केलेल्याच्या अपत्यात हे प्रमाण सव्वासहा टक्के असतं. आपण सोयरीक जुळवताना देवक बघतो, कुळी विचारतो, पाच माणसांत चौकशी करतो. आणि जिला आई म्हणतो त्या गायीची गाठ तिच्या भावाशी, कधी बापाशी बांधून मोकळे होतो.

टक्क्यांच्या मागचं कारण साधं आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. एक नासकी निघाली तर बहुतेक वेळा दुसरी काम भागवते. अशा काही नासक्या प्रती प्रत्येक जनावराच्या अंगात असतातच, धडधाकट हिंदकेसरी बैलाच्याही. २५ टक्के सगोत्रता म्हणजे चार जागांमधल्या एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या. ती नेमकी नासकी असली तर झाकायला दुसरी शिल्लक नाही. यातून दोन तोंडांची वासरं जन्माला येतात असं लोकांना वाटतं. तसं क्वचितच होतं. होतं ते असं की पोटातला गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच जिरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. वासरू वजनाला हलकं पडतं, चीक ओढायची ताकद त्याच्यात नसते. कालवड उशिरा वयात येते, वळूचं वीर्य कमजोर निघतं. यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरं एखादं कारणही असू शकतं. यंदा चारा कमी होता, उन्हाळा कडक होता, गोचीड फार झाली. म्हणून खरं कारण वर्षानुवर्षं गोठ्यातच बसून राहतं आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता एक हिशेब सांगतो. तो मला नोकरीच्या विसाव्या वर्षी एका प्रशिक्षणात कळला. मला तो पहिल्या दिवशी कळायला हवा होता. सिवॉल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३१ साली मांडलेलं सूत्र आहे. नर आणि मादी यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. जे उत्तर येतं ती कळपाची खरी, आनुवंशिक संख्या. शंभर गायी आणि एक वळू असा कळप घेतला तर उत्तर येतं जेमतेम ४. डोळ्यांना दावणीला एकशे एक जनावरं दिसतात, रक्ताच्या हिशेबानं मात्र ती चार आहेत. आता गायी हजार करा आणि वळू एकच ठेवा. उत्तर पुन्हा ४! त्याच शंभर गायींना दहा वेगवेगळ्या रक्ताचे वळू लावले, तर उत्तर ३६ वर जातं. जगभरचे पशुपैदासकार ही संख्या निदान ५० तरी असावी असं धरतात. म्हणजे हजार गायींसाठीसुद्धा एकमेकांचे नातलग नसलेले तेरा वळू लागतात.

आमच्या भागात हे तेरा वळू पूर्वी होते का? होते, आणि कुणी सूत्र न वाचता होते. गावात कुणीतरी एक घर वळू सांभाळायचं. कुठे देवाच्या नावानं पोळ सोडलेला असायचा. तो कुणाच्याही रानात शिरला तरी लोक काठी उगारत नसत. बाकीचे खोंड वेळेवर बडवले जात, पुढच्या काळात चिमट्यानं खच्ची केले जात, म्हणजे पैदाशीला कोण राहणार हे ठरूनच राही. गावचा वळू उतरला की नवा आणायचा तो जत्रेतून. पौषात खरसुंडीला, मार्गशीर्षात म्हसवडला, डिसेंबरअखेर पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीच्या माळावर. कर्नाटकातून विजापूर-बेळगावकडचे लोक यायचे, इकडचा खोंड तिकडे जायचा, तिकडचा इकडे. माझे वडील खरसुंडीला तीन तीन दिवस मुक्काम ठोकायचे. लहानपणी मला वाटायचं, बैल घ्यायला एवढा वेळ कशाला? ते खोंडाचे दात-पाय बघून झाले की मालकाला सावलीत बसवायचे, तंबाखू मळायचे आणि त्याची आई, आजी, बाप विचारत राहायचे. सिद्धनाथाच्या गुलालात न्हालेली ती जत्रा म्हणजे रक्त फिरवणारं एक मोठं यंत्र होतं. ते कुणी मुद्दाम उभारलं नव्हतं. त्यामुळे मोडलं तेव्हाही कुणाला कळलं नाही.

मोडायला कारणं अनेक झाली. ट्रॅक्टर आला, मोटेची विहीर गेली, बैलजोडीचा खर्च परवडेना. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. या निर्णयांच्या बऱ्यावाईटाबद्दल मी इथे बोलत नाही. मी गोठ्यात काय पाहिलं ते सांगतो. खोंड जन्मला की घरातल्यांचे चेहरे पडायला लागले. नांगराला नको, शर्यतीला नाही, विकत कुणी घेत नाही, मग खायला कोण घालणार? दुष्काळ असला की पहिला हात त्याच्या वैरणीवर पडायचा. कितीतरी चांगल्या घरांतले खोंड शर्यतबंदीच्या त्या सात वर्षांत नीट वाढलेच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं रक्तही संपलं. पुढे २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे यात्रा भरल्या नाहीत. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला आणि जनावरांचे बाजार पुन्हा बंद झाले. रोगासाठी ते करणं भाग होतं. पण जत्रा बंद राहिली की माणूस जवळचा वळू बघतो, आणि जवळचा म्हणजे बहुधा नात्यातला.

मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानंही ती मान्य केली. खिलारला पुन्हा भाव आला. मला आनंद झाला. आजही होतो. रस्त्यानं जाताना पोरांनी जिवापाड सांभाळलेला खोंड दिसला की मी गाडी थांबवतो. पण आता नवीन गोष्ट सुरू झाली आहे. एखादा वळू नावारूपाला आला, त्याच्या पोटचा बैल मैदान मारून आला, की मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि लोक शंभर-दीडशे किलोमीटरवरून टेम्पोत गाय घालून त्याच्याकडे घेऊन जातात. पाच तालुक्यांतल्या गायी एकाच नराला. पुढच्या पिढीत याच गायींची खोंडं आणि कालवडी एकमेकांसमोर येणार, कारण पाच तालुक्यांत तेच रक्त पसरलेलं असणार. त्यातच रंगाचं वेड. काळ्या नाकपुड्यांच्या काजळीला मागणी, बाकीचे बाजूला. पूर्वी खिलारमध्येच आटपाडी महालाची, म्हसवडची, खानदेशातली तापी काठची आणि नकली अशा वेगवेगळ्या ठेवणी होत्या. एकाच जातीत ठेवलेली ती चार कोठारं होती. आज प्रत्येकाला एकाच साच्याचं जनावर हवं आहे.

नावाजलेला नर एकटाच किती दूर पोहोचतो आणि मागे काय ठेवून जातो, याची मोठी गोष्ट अमेरिकेत घडून गेली आहे. नेब्रास्कामध्ये १९६२ साली होल्स्टिन जातीचा एक वळू जन्मला. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हे त्याचं नाव. दुधाची त्याच्याइतकी ताकद दुसऱ्याकडे नव्हती. गोठवलेल्या वीर्याचा जमाना सुरू झालेला होता. त्याच्या १६,००० लेकी झाल्या, पाच लाखांवर नाती आणि वीस लाखांवर पणती. अमेरिकेतल्या होल्स्टिनच्या रक्तात आज सुमारे १४ टक्के वाटा त्या एकट्याचा आहे. त्याच्या एका जनुकाच्या प्रतीत बिघाड होता, ते त्या वेळी कुणाला कळायचं कारण नव्हतं. दोन्हीकडून तोच बिघाड आला की गर्भ टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं हिशेब मांडला तेव्हा जगभरात सुमारे ५ लाख गर्भपात आणि ४२ कोटी डॉलरचं नुकसान या एका चुकीच्या खात्यावर निघालं. त्यानं वाढवलेल्या दुधाची किंमत याच्या कितीतरी पट होती, हेही खरं आहे. पण दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की उत्तर अमेरिकेतल्या कृत्रिम रेतनाच्या जवळजवळ सगळ्या होल्स्टिन वळूंचा बापाकडून येणारा वंश दोनच नरांवर जाऊन थांबतो, आणि त्यातला एक हाच चीफ. गायींची संख्या तिथे लाखांत मोजतात, पण रक्ताच्या हिशेबानं ती शंभराच्या आत येते. आपल्याकडच्या संकरित गायींच्या अंगातलं होल्स्टिन रक्तही शेवटी त्याच नदीचं पाणी आहे.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. त्यांना ती चूक सापडली, कारण प्रत्येक गायीचा बाप कोण हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. आमच्या खिलारमध्ये असाच एखादा बिघाड या घडीला फिरत असेल तर तो शोधायचा कसा? वहीच नाही.

आणि ही वही नसण्यात माझाही हात आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी कृत्रिम रेतन करायचो तेव्हा रजिस्टरमध्ये तारीख, मालकाचं नाव, गायीचा रंग एवढं लिहायचो. वापरलेली वीर्याची कांडी गोठ्याच्या कडेला टाकून पुढच्या वस्तीवर जायचो. त्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. दोन सेकंदांत तो उतरवून घेता आला असता. मालकाला सांगता आलं असतं की भिंतीवर खडूनं लिहून ठेव. दिवसाला बारा-पंधरा गायी, खडीचा रस्ता, उन्हाचा ताप, ही सगळी कारणं खरी आहेत. पण आज एखाद्या गोठ्यात वीस वर्षांपूर्वी मीच भरवलेल्या गायीची नात उभी असते, तिच्या आईच्या बापाचा क्रमांक लागतो, आणि तो कुणाकडेच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धाराशिवकडच्या चार वर्षांनी मला शेळ्यांमधून सगोत्र पैदाशीचं हे दुखणं अजून जवळून दाखवलं. शेळीची पिढी लवकर फिरते, त्यामुळे गायीत जे वीस वर्षांत घडतं ते शेळीत पाच-सहा वर्षांत दिसतं. उस्मानाबादी शेळी म्हणजे गरिबाघरची बँक, जुळी करडं देणारी, काळी, काटक. एका आजीकडे अकरा शेळ्या होत्या आणि एक बोकड. तो बोकड खुरटा, पाठीत बाक असलेला. "आजी, हाच का ठेवला?" मी विचारलं. "चांगला होता त्यो ईदला गेला की. पोरीच्या बाळंतपणाला पैसं लागलं," आजी म्हणाल्या. यात त्यांचं काय चुकलं? वाढीच्या बोकडाला बकरी ईदला भाव येतो, आखाडात भाव येतो. घरात तोच पैसा. जो कुणी विकत घेत नाही तो मागे राहतो आणि तोच सगळ्या पाटी भरवतो. पुढच्या वर्षी त्याच्याच लेकी वयात येतात आणि तो तिथेच उभा असतो. एकाच वेळी दोन्ही गोष्टी होतात, चांगलं रक्त बाहेर जातं आणि उरलेलं आपसांत घोळत राहतं. आम्ही त्या वस्तीवरच्या सात-आठ बायकांना एकत्र बसवलं. ठरलं एवढंच की प्रत्येकीनं चांगला बोकड ठेवायची गरज नाही. दोन घरं ठेवतील, बाकीच्या त्याच्या खुराकाला वर्गणी देतील, आणि दर वर्षी पलीकडच्या वस्तीशी बोकडाची अदलाबदल होईल. पहिल्या वर्षी भांडणं झाली. दुसऱ्या वर्षी करडं जड पडली आणि भांडणं थांबली.

धनगरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. माणमधल्या एका मेंढक्यानं मला सांगितलं होतं, "एडका सोयऱ्याच्या वाड्यातनं आणायचा, आपल्या मेंढरातला आपण ठिवायचा न्हाई." का, हे त्याला विचारलं तर म्हणाला, "बारकी पडत्यात." एवढंच शास्त्र. पण मटणाच्या भावापायी दख्खनी मेंढीत भराभर परक्या जातींचे मेंढे घातले गेले, आणि ते सोयऱ्यांचं जाळं विस्कटलं. तो वेगळा विषय आहे. त्यावर लिहायचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांचा.

सगोत्र पैदाशीनं काही बिघडत नाही म्हणणारे काही जण मला इंग्लंडमधल्या चिलिंगहॅमच्या रानटी गायींचं उदाहरण देतात. तीनशे वर्षांहून जास्त काळ बाहेरचं रक्त नाही, १९४७ च्या कडाक्याच्या थंडीत तेराच जनावरं उरली होती, तरी कळप आजही जिवंत आहे. खरं आहे. पण ज्या कळपांना असं जमलं नाही, त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलेलं नाही. आणि चिलिंगहॅमच्या गायीनं रोज दूध द्यावं, दर वर्षी व्यावं, तिच्या बैलानं नांगर ओढावा, अशी अपेक्षा तिच्याकडून कुणी केलेली नाही. आबांचं घर तीन गायींवर चालतं.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हणून मान दिला आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाची घोषणा केली. गायीच्या पोटात चारा जाणार असेल तर मी कोण हरकत घेणार? पण त्या दिवसापासून मी एक वाक्य शोधतो आहे, ते वळूबद्दलचं. मी पाहिलेल्या बऱ्याच गोशाळांत ऐंशी, शंभर, सव्वाशे गायी असतात आणि एक वळू. भक्त त्याच्या कपाळाला कुंकू लावतात. तो बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मघाचं सूत्र लावा. श्रद्धेनं सांभाळलेला तो कळप म्हणजे चार जनावरं आहेत, आणि दर पिढीला सगोत्रता साडेबारा टक्क्यांनी चढते आहे. अनुदानाच्या कागदावर एकच अट वाढवली तरी पुरे होईल. दर तीन वर्षांनी वळू बदलल्याचा दाखला, आणि नवा वळू दुसऱ्या गोशाळेतून किंवा दुसऱ्या तालुक्यातून आल्याचा. वळू तीन वर्षांचा झाला की कामाला लागतो. आणखी तीन-चार वर्षांत त्याच्या लेकी वयात येतात. त्याआधी तो तिथून हलला पाहिजे, इतका साधा हिशेब आहे. त्याला मारायचं नाही, टाकायचं नाही, फक्त पुढच्या गावाला पाठवायचं. जातिवंत वळू सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या खुराकाचे पैसे मिळायला हवेत. गायीला रोज ५० रुपये देता येतात, तर तालुक्याचं रक्त राखणाऱ्या त्या एका जनावरालाही देता येतील.

कृत्रिम रेतनाच्या विरोधात मी नाही. आयुष्यभर तेच केलं. उणे १९६ अंशांवरच्या नायट्रोजनच्या भांड्यात वीस वर्षांपूर्वी मेलेल्या वळूची कांडीसुद्धा कामाची राहते. ज्या खोंडांचं रक्त आम्ही गमावलं, त्यांच्या चार चार कांड्या तरी कुणी ठेवल्या असत्या तर! पण सध्या लिंगनिर्धारित रेतमात्रांचा आग्रह आहे, त्यातून दहात नऊ कालवडी होतात. दुधाच्या संकरित गायीत ते ठीक. खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्यात तेच सरसकट केलं तर उद्याचे वळू कुठून आणणार? या जातींसाठी थोड्या वळूंच्या खूप कांड्या नकोत, खूप वळूंच्या थोड्या थोड्या हव्यात.

आणि गावपातळीवर जे करायचं त्याला सरकारची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक जनावराच्या कानात आता पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडे. वासराच्या बिल्ल्याच्या नोंदीसमोर बापाच्या बिल्ल्याचा आकडा लिहायचा, बस. वळू दाखवणाऱ्यानं पैसे घेताना एक चिठ्ठी द्यायची: तारीख, वळूचा आकडा, त्याच्या बापाचं गाव. खरसुंडीच्या यात्रा समितीनं, पुसेगावच्या प्रदर्शनानं बक्षीस देताना शिंगं आणि उंची यांच्याबरोबर तीन पिढ्यांची वंशावळ मागावी. ज्याच्याकडे ती नाही त्याला पहिला नंबर नाही. पोरं एका वर्षात वह्या घालतील. शर्यतीच्या नादापायी जी पोरं बैलाला बदाम-दूध पाजतात, त्यांना त्याच्या आजाचं नाव पाठ करणं अवघड नाही. त्यांना आजवर ते कुणी विचारलंच नाही.

आबांच्या घरी त्या दिवशी मी काही औषध दिलं नाही. म्हसवडच्या पलीकडे, आटपाडी तालुक्याशी काही संबंध नसलेल्या एका घरी, जुन्या वळणाचा एक वळू आहे हे मला माहीत होतं. तोंडावर काजळ कमी, म्हणून त्याच्याकडे गर्दी नाही. त्याच्या मालकाच्या वडिलांना वही ठेवायची सवय होती. शाळेची जुनी शंभर पानी वही, तिच्यात १९८० च्या आसपासपासूनच्या नोंदी. आम्ही दोघं ती वाचत बसलो. आबांच्या गायींशी कुठेही रेघ जुळत नव्हती. मधली आणि धाकटी, दोघींना भाद्रपदात टेम्पोनं तिकडे नेलं. धाकटी एकदा उलटली, दुसऱ्या वेळी थांबली. मधली पहिल्याच वेळी.

त्या बदल्यात आबांनी शब्द दिला आहे की मधलीला खोंड झाला तर तो बडवायचा नाही, दोन वर्षं सांभाळायचा आणि मग म्हसवडकडच्यांना द्यायचा. काकूंनी दुकानातून वही आणली आहे. परवा त्यांचा फोन आला होता. गायीचं नाव लिहिलं, बिल्ला लिहिला, तारीख लिहिली, पुढे वळूच्या रकान्यात नुसता आकडा लिहायचा का त्याचं नावबी लिहायचं, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, दोन्ही लिहा, आणि त्याच्या आईचंही लिहा. थांबा म्हणाल्या, पेन आणते.